यांच्याकडून आलेला घरजावई

३ मार्च
...भांडी विसळून पालथी घातली होती, ओटा पुसला होता, दूध तापत होतं. हे आतून म्हणाले, "आता मी ठणठणीत आहे, गोळ्या बस्स झाल्या." क्षय उलटला आणि वर्षभरात गेले. त्याला सहा वर्षं झाली.

आज तीच सकाळ आठवत राहिली. धाकट्या लेकीने हट्टाने माझी तपासणी करायला लावली – क्षयाचे जंतू माझ्यातही आहेत! पण झोपलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार नाही, कुणाला लागणार नाही, मात्र कधीही उठतील. चार महिने रोज गोळी. पाकीट साखरेच्या डब्यामागे ठेवलंय.

५ मार्च
वाचनालयातून क्षयाच्या जंतूवरचं पुस्तक आणलं. काय बिलंदर आहे हा! आपली पांढरी पेशी याला गिळते, पचवायला बघते. हा आत बसून आपली जनुकं चाळतो – वाढायची पानं मिटतो, तग धरायची उघडतो. पेशीचं आम्ल थोपवतो, तिचीच चरबी खातो. हवा कमी पडली की आणखी काही जनुकं जागी होतात आणि हा झोपतो. वर्षानुवर्षं. आपण अशक्त झालो की उठून घर पोखरायला सुरुवात.
घरजावईच की! आणि चरबीला माझ्याकडे तोटा नाही.

६ मार्च
धाकटीचा फोन. गोळी उद्यापासून, म्हटलं.
"कालही उद्याच होता, आई."

९ मार्च
गोळीचं काम कळलं. ती जंतूला जनुकं वाचूच देत नाही. वाचन बंद, की कारभार आटोपला. माझ्यासारख्या वाचणारीला जरा वाईटच वाटलं! लघवी, घाम, आसवं – सगळं नारिंगी होतं म्हणे.

११ मार्च
धाकटी आली. पाकीट तसंच पाहून रागावली. मग सांगून टाकलं – हा यांच्याकडूनच माझ्यात आला. यांचे कपडे देऊन टाकले, चष्मा दिला. यांच्याकडचं जिवंत असं एवढंच उरलंय. वेडेपणा आहे, कळतं मला.
तिने पाकीट उचलून माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाली, "हा बाबांचा नाही, आई. यानेच बाबांना नेलं." आणि डोळे पुसून, "बाबा असते तर म्हणाले असते, या घरजावयाला चहा पाज आणि वाटेला लाव."
अगदी असंच म्हणाले असते.

१२ मार्च
उठल्या उठल्या गोळी घेतली. मग दूध तापवलं. दुपारी धाकटीला फोन करून रंग कळवला. दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. पुसलं, तर रुमाल नारिंगी. धुऊन वाळत घातला.