कार्डाला हळदकुंकू

अहो मयुरीचे पप्पा,

मशीन तुमच्यावर रुसलेलं नाही. दर लक्ष्मीपूजनाला तुम्ही एटीएम कार्डाच्या काळ्या पट्टीला हळदकुंकू फासता, ते ऐकून बँकेतली पोरगी पोट धरून हसली. म्हणाली, "काकू, बिनचिपचं हे जुनं कार्ड तसंही आता चालत नाही." नवं दिलं लगेच. मी स्वतः मशीनमध्ये घातलं, पहिल्याच झटक्यात नोटा! खातं माझं, पण कार्ड इतकी वर्षं तुमच्या खिशात. मला काय माहीत एवढं सोपं असतं!

मी मेहरूणला ताईकडे चाललेय, तिच्यासोबत बाजारातून साडी घ्यायला. भरीत-भाकरी झाकून ठेवलीय.

नवं कार्ड देवघरात शोधू नका, माझ्या पर्समध्ये आहे. यंदा हळदकुंकू लावायचंच असेल, तर मला लावा.

कामिनी