मे महिन्याचा उष्णता वापर ‘शून्य’ न धरण्याबाबत

प्रति,
मा. करसवलत अधिकारी (सहनिर्मिती योजना),
विभागीय कार्यालय, परळ, मुंबई.

विषय : प्रमाणित सहनिर्मिती संचाचा मे २०२५ चा उष्णता वापर ‘शून्य’ धरून मालमत्ता करातील सवलत रद्द केल्याबाबत फेरविचार होणेसाठी अर्ज.

संदर्भ : १) आपले निरीक्षक यांची भेट, दि. २० मे २०२५.
२) आपला आदेश, दि. २ जुलै २०२५, परिच्छेद ४.

महोदय,

१. मी, दौलत विश्राम पालव, वय ६९, श्री पावणाई सहकारी गृहनिर्माण संस्था, काळाचौकी, या संस्थेचा सचिव, सविनय कळवितो की, आमच्या तळमजल्यावर गॅसवर चालणारे इंजिन आहे. त्याच्या विजेवर लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे चालतात, व त्याच्याच उष्णतेवर पाणी तापून तेवीस बिऱ्हाडांच्या न्हाणीघरांत येते. आपल्या नियमाप्रमाणे दरमहा त्या उष्णतेचा खरा वापर व्हावा लागतो. कमी झाला तर सवलत तेवढी कमी होते. शून्य झाला तर प्रमाणपत्रच जाते. आमचे गेले आहे.

२. मे महिन्यात आमची इमारत गावाला जाते, हे आपण काळाचौकीत कोणालाही विचारावे. यंदा तर गावच्या देवळावर कळस चढायचा होता. नोकरीवाल्यांनीही रजा टाकल्या. बाकीच्या बाविसाच्या बावीस घरांना कुलूप, आणि सगळ्या चाव्या, रिवाजाप्रमाणे, माझ्याकडे. एस.टी.त बसता बसता खजिनदार हितेंद्र राणे यांनी सांगितले की तात्या, वापर भरला पाहिजे, रोज तेवढे गरम पाण्याचे नळ सोडत जा.

३. मी ते केले. सकाळी दहा ते बारा, एकेक कुलूप काढून, नळ सोडून, मोरीत जाणारे पाणी बघत उभा राहिलो. दि. २० रोजी आपल्या निरीक्षकांनी मला चाव्यांच्या जुडग्यासह चौथ्या मजल्यावर पकडले. मी काही लपविले नाही. अठ्ठावीस वर्षे गिरणीच्या बॉयलरवर होतो, वाफ गळाली तर आम्हांला मुकादमाच्या शिव्या पडत. त्याच हातांनी मी हे केले. लाज वाटायला हवी होती. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हते. दंड असेल तो मला एकट्याला करावा, बाकीच्यांचा त्यात दोष नाही.

४. परंतु आदेशातील परिच्छेद ४ मध्ये ‘सदर महिन्यात इमारतीत उष्णतेचा कोणताही खरा वापर झाला नाही’ असे लिहिले आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे झाले आहे. आम्ही गावाला गेलो नव्हतो. सौ. अंबिका, माझी पत्नी, खोली क्र. ५०३, मूत्रपिंडाच्या आजाराने घरीच होती. भर मे महिन्यात तिला हुडहुडी भरायची. सकाळी एक व संध्याकाळी एक, अशा दोन बादल्या गरम पाण्याने तिला आंघोळ लागे. शेजारच्या चाळीतील जाईबाई जाधव येऊन घालीत. निरीक्षक ५०३ मध्ये आले तेव्हा न्हाणीघराचे दार आतून बंद होते व पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी तोही ‘सोडून दिलेला नळ’ म्हणून लिहून घेतला. आत ती होती, जाईबाई होत्या. परक्या माणसासमोर आतून हाक कशी द्यायची म्हणून दोघी गप्प बसल्या. मीही बोललो नाही, हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणून. ती चूक माझी.

५. मीटर मुख्य नळावर एकच असल्याने तिचे पाणी व मी वाया घालविलेले पाणी वेगळे काढता येत नाही. म्हणून मी बादल्यांचा हिशोब जोडला आहे. दि. १ ते २६ रोज दोन, म्हणजे बावन्न. दि. २७ सकाळी एक. एकूण त्रेपन्न बादल्या, प्रत्येकी पंधरा लिटर. जाईबाईंनी प्रतिज्ञापत्र दिले आहे. नोटरीने त्यांना, आंघोळ घातल्याचे काय प्रतिज्ञापत्र, म्हणून हसून विचारले. त्या म्हणाल्या, लिव्हा तुमी.

६. दि. १४ जुलै रोजी मी कागद घेऊन आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवरील मनाली मॅडम यांनी सर्व तपासले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली. पण नमुना ‘ड’ वर प्रत्यक्ष वापरकर्त्याचीच सही लागते, काकींना एकदा घेऊन या, असे त्या म्हणाल्या. मी बरे म्हणून परत आलो. घरी आल्यावर लक्षात आले की मी त्यांना सांगितलेच नाही. आता कळवितो की वापरकर्ती दि. २७ मे रोजी दुपारी अडीच वाजता वारली. दाखला जोडला आहे. सहीच्या जागी मी रेघ मारली आहे.

७. सवलत कमी करायची तर जरूर करावी. फक्त शून्य लिहू नये. महिनाभर ती होती, पाणी तिच्या अंगावर पडत होते.

८. एका गोष्टीचा निर्णय मला करता येत नाही, म्हणून आपणांवर सोपवितो. त्याच दिवशी, म्हणजे दि. २७ मे रोजी, संध्याकाळी सहा वाजता, मुलगी श्रेया डोंबिवलीहून पोचल्यावर, तिच्या आईला नेण्यापूर्वी आंघोळ घातली. गावी असतो तर अंगणात तीन दगडांवर पाणी तापविले असते. इथे नळाचेच घेतले. मीच काढले, हात घालून पाहिले, फार कढत होते म्हणून थोडे गार मिसळले. ती चोपन्नावी बादली मी हिशोबात धरलेली नाही. ती खऱ्या वापरात धरावयाची की नाही, ते कृपया कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(दौलत विश्राम पालव)
खोली क्र. ५०३
दि. २१ जुलै २०२५

सोबत : १) आदेशाची प्रत २) बादल्यांचा तक्ता ३) जाईबाई जाधव यांचे प्रतिज्ञापत्र ४) मृत्यूचा दाखला ५) नमुना ‘ड’, सहीविना.