नातं काय?

चि. जागृती,
सप्रेम जयभीम.

परवा तू अमेरिकेतून फोनवर म्हणालीस, "काका, इथे म्हाताऱ्या गे माणसांच्या देखभालीसाठी कायदा करायचा चाललाय. मसुद्यावर मी काम करतेय. तुमच्यासारख्यांना काय लागेल?" तुला कधी कळलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. "विचार करून सांगतो," म्हणालो.

महादेवला तू माझा रूममेट म्हणून ओळखतेस. इथे बहरीनला, मनामाच्या या खोलीत आम्ही सव्वीस वर्षं एकत्र काढली. तो कंपनीची गाडी चालवायचा, मी ऑफिसात ड्राफ्ट्समन. फेब्रुवारीत त्याला लकवा झाला. हॉस्पिटलात नर्सने मला विचारलं, "आप इनके कौन?" महादेवची वाचा गेली होती, पण तो शुद्धीत होता, माझ्याकडेच बघत होता. व्हिसा, नोकरी, लोक, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी म्हणालो, "रूममेट." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग त्याचा पुतण्या आला आणि त्याला गुहागरला घेऊन गेला. आता मी फोन केला की पुतण्या सांगतो, "काका झोपलेत."

तुझ्या कायद्यात एवढं लिही, की नातं आजारी माणसालाच विचारावं. त्याला बोलता येत नसेल तर जरा थांबावं आणि तो कुणाकडे बघतो ते पाहावं.

हे पत्र पाठवायची हिंमत माझ्यात नाही. उद्या तुझा फोन येईल, तेव्हा मी म्हणेन, "मला काय लागणार, पोरी? माझं बरं चाललंय."

तुझा,
किसनकाका