दोर धरणारा हात

बा, इतक्या वर्षांनी लिहितो आहे. फार उशीर झाला, रागावू नकोस. तू गेलास तेव्हा माझी पोरगी जन्मलीही नव्हती, आणि आज तिच्याचसाठी तुला लिहायला बसलो आहे. उद्या दिवस उगवला की ती आपल्या धरणात बुडी मारणार आहे, तुझ्याच नावेतून. तिच्या कमरेचा दोर माझ्या हातात असणार आहे. मला भीती वाटते. ही भीती घरात कोणाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगतो.

तुझी सागवानी नाव आता तुला ओळखू येणार नाही. पोरगी आठ-नऊ वर्षं कोकणात होती. पर्यटकांच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली नेऊन आणायचं, हे तिचं काम. मागच्या पावसाळ्यात सुट्टीवर आली तेव्हा गावातली एक बाई धरणात बुडाली. बाहेरून पथक येईपर्यंत त्या बाईचा नवरा दोन दिवस काठावर बसून होता. पोरगी त्याच्याजवळ जाऊन बसली, आणि नंतर कोकणात परत गेलीच नाही. मला म्हणाली, "बाबा, आपल्याजवळ नाव हाय, मले काम येते, मंग लोकाइनं असं काऊन बसून राहाव?" तिनं नावेची मधली फळी काढली आणि तिथं लाकडी खोका ठोकला, टाक्या उभ्या बसतील असा. त्याला आतून ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर लावलं, कारण टाकी सुटून एका बाजूला घरंगळली तर नाव कलंडते. मागच्या अंगाला लोखंडी शिडी बसवली. पाठीवर एवढं ओझं घेऊन माणसाला नावेच्या काठावरून चढता येत नाही. शिडी देऊळघाटच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी करून दिली. शिडीच्या नळीवर ठिणग्या उडवत ते म्हणाले, "क्या भाऊ, मासोळ्यांसाठी सिडी बांधून राह्यले का?" पोरगी म्हणाली, "हाव चाचा, म्हाताऱ्या झाल्या त्या. उडी मारता येत नाही त्याइले." दुकानातले सगळे हसले. मला हसू आलं नाही. शिडी खाली उतरायलाही असते, एवढंच माझ्या मनात येत होतं.

सगळं चढवून नाव पाण्यात ढकलली. टाक्या, शिशाच्या वजनांचा पट्टा, दुसरा नांगर, लाल झेंडा, ऑक्सिजनची पेटी. नाव कुठवर बुडू द्यायची याची तू डांबरानं ओढलेली रेघ पाण्याखाली गेली. पोरीनं दोन वस्तू मागेपुढे केल्या, नाव सरळ झाली, पण रेघ काही वर आली नाही. ती म्हणते, चालते एवढं. तिला कळतं, मला कळत नाही. पण तू असतास तर तू त्या नावेत कोणाला बसू दिलं असतंस का, हे मला विचारायचं आहे.

तुझं बुडी मारणं मला आठवतं. कोणी बुडालं की लोक आपल्या दारात येऊन उभे राहायचे. तू जेवणावरून उठायचास. मी दहा-अकरा वर्षांचा. तू कमरेला दोर बांधून उतरतोस, मी नावेत बसून दोर धरतो. त्या दिवशी ऊन फार आहे, हाताला फोड आले आहेत, म्हणून मी दोराचा वेढा नावेच्या खुंटीला देतो आणि हात पाण्यात बुडवून बसतो. धरण भरलं तेव्हा न तोडलेल्या बाभळी खाली तशाच उभ्या आहेत. त्यांच्यात तू अडकलास. तू दोर ओढत होतास आणि खुंटी ओढ खात होती. तू कसाबसा वर आलास. पाठ काट्यांनी फाटलेली, डोळे लाल. आधी माझ्या मुस्काटात मारलीस, मग श्वास घेतलास. "खुंटीले समजते का बे, माणूस मरून राह्यला म्हणून?" एवढंच बोललास. घरी आल्यावर मायला पाठीचं काही सांगितलं नाहीस. नंतर पुन्हा दोर माझ्याच हातात दिलास. ते मला त्या थपडेपेक्षा जड गेलं होतं.

तुझं एक बरं होतं. तुझा दम संपला की तू वर यायचास. मी मनात आकडे म्हणायचो आणि आकडे संपायच्या आत तुझं डोकं दिसायचं. हिच्या पाठीवर हवा आहे. ही अर्धा-पाऊण तास खाली राहते. बुडबुडे येतात, पण वारा सुटला, लाटा आल्या की ते दिसत नाहीत. गाळानं पाणी इतकं काळं आहे की तिला स्वतःचा पंजा दिसत नाही, म्हणते. म्हणून सगळं दोरावर. एक ओढ म्हणजे बरी आहे. दोन म्हणजे ढील दे. सारख्या ओढी आल्या तर वर घे. तिच्यासोबत बुडी मारणारा जोडीदार कोकणातून अजून यायचा आहे. इथल्या मासेमारांना ती दोर देत नाही. "त्याइचा अर्धा जीव मोबाईलमधी असते," म्हणते. "बाबा, दोर तुम्हीच धरजा. आजानं शिकवलेला हात हाय तुमचा."

बा, तो हात आता राहिला नाही. साखरेच्या आजारानं बोटं मेली आहेत. गेल्या महिन्यात मी चहाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं आणि कातडी जळल्याचा वास आला तेव्हा मला कळलं. पोरीला सांगितलं, वाफ लागली. मग अंगणात दोराचा सराव झाला. ती गोठ्याच्या टोकाला, मी ओट्यावर. तिनं ओढायचं, मी किती ते सांगायचं. एकदाही चुकलो नाही. "पाह्यलं?" ती म्हणाली, "उगाच घाबरून राह्यले होते." मी तिच्या कोपराकडे पाहून सांगत होतो, बा. कोपर मागे गेलं की एक. पुन्हा गेलं की दोन. हाताला काहीच लागत नव्हतं.

काल दुपारी पलीकडच्या गावचा एक माणूस म्हशी धुवायला उतरला. म्हशी घरी आल्या, तो आला नाही. पथक परवा येणार आहे. त्याची बायको काठावर बसली आहे. गळ टाकून पाहिले, ते बाभळीत अडकले, म्हणजे जागा तीच, तू अडकलास ती. पोरगी आता नावेत टाक्या बसवते आहे. मघाशी मला हाक मारून म्हणाली, "बाबा, सकाळी भाकर खाऊन निघू. तुमची गोळी इसरू नोका." बोटांचं तेव्हाच सांगायचं होतं. मी "हाव" म्हणालो.

त्या बाईकडे पाहून गप्प बसलो, असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. दहा वर्षांत मला कोणी कुठल्या कामाला बोलावलं नव्हतं. मला नावेत बसायचं होतं.

हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही. दिवस मावळायला आला आहे आणि पोरगी अजून काठावर नावेपाशी आहे. तिथवर जाऊन तिला सांगू की नको, तेवढं कळव. कसंही कळव, पण बा, लवकर कळव.