बर्फाबाहेरची वार

३ फेब्रुवारी १९८१, कर्जत
नंदा येऊन गेली. एम.एस्सी.ला मी पहिली, ती तिसरी. आता ती मुंबईला पीएच.डी. करते नि मी ह्यांच्या प्रसूतिगृहात केसपेपर लिहिते. तिला बाळंतपणात बाळामागून पडणारी ताजी वार हवीय. त्यातून डीएनए पॉलिमरेज अल्फा काढायचंय. पेशीच्या दोन पेशी होण्याआधी डीएनएची नक्कल करणारं प्रथिन. त्याचा जीन कुठल्या गुणसूत्रावर, अजून कुणालाच ठाऊक नाही. मुंबईत वार चार हातांतून जाऊन शिळी होते म्हणे.
"तू पाच मिनिटांत बर्फात ठेवशील, सुधा. माझा भरवसा तुझ्यावरच."
हो म्हटलं. जळफळाट झाला, तरी हो.

१७ फेब्रु.
दोनदा पाठवली. नंदाचं पत्र: भरपूर मिळालं. चार वेळा 'माझं अल्फा'. बर्फ कोण फोडतं? नाळ कापून डबा कोण भरतं? करायला मी, मिरवायला ती. हे म्हणाले, गप्प का? म्हटलं, डोकं दुखतंय.

५ मार्च
कोंडाणे गावची बाळंतीण. कळा चालू असताना सासूकडे वार मागितली, तर साफ नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग म्हातारी आपणहून आली.
"वार आमी परसात पुरतो, बाय. पन तुमी नात सुकरूप काडली. न्या. वाया नका घालवू."
डबा भरणार तेवढ्यात टपाल. नंदाला परिषदेत भाषणाला बोलावलंय, पुढे कदाचित परदेश.
वार टेबलावर, बर्फ शेजारी. ठेवली नाही. दोन तास, ह्या उकाड्यात. मग बर्फात घातली नि चिठ्ठीवर लिहिलं, '५ मिनिटांत'.
मुद्दाम केलं. विसरले असं उद्या स्वतःला सांगता येऊ नये, म्हणून लिहून ठेवते.

२६ मार्च
नंदा आली. वाटलं, भांडायला. तिनं मिठीच मारली. कोंडाण्याच्या वारेतून नेहमीचं मोठं अल्फा निघालंच नाही. एक लहान निघालं, आणि तेही नक्कल करतं. तिला वाटतं नवंच पॉलिमरेज सापडलं. पुढच्या वारेत ते दिसलं नाही, त्यावर म्हणते काही जणींतच असेल.
मला लगेच कळलं. उकाड्यात पेशीतलीच पाचक प्रथिनं सुटली, त्यांनी अल्फा कुरतडलं. हा उरलेला तुकडा.
"लगेच बर्फात घातली होतीस ना?"
"पाच मिनिटांत."
इतकी वर्षं तिला पाण्यात पाहिलं, आणि ती माझ्या गळ्यात पडून रडत होती.

९ एप्रिल
शोधनिबंधाचा मसुदा आला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. आजवर माझं नाव छापलं गेलं ते लग्नपत्रिकेत. पाच-सहा वेळा बोट फिरवून पाहिलं. खाली पद्धतीत: 'वार पाच मिनिटांत बर्फात ठेवली.' सही करून परत पाठवायचंय. ह्यांनी पेढे आणले.

१२ एप्रिल, रविवार
मसुद्यावर सही केली. एक पत्रही लिहिलं: नंदा, वार दोन तास बाहेर होती, मी ठेवली होती. पत्र गेलं तर माझं नाव जाईल, कदाचित नंदाही. नाही गेलं तर कधीतरी कुणीतरी प्रयोग पुन्हा करील आणि तिचं हसं होईल. माझंही, पण मला इथं कोण विचारतं.
तिचं हसं झालं तर मला वाईट वाटेल की बरं, हे सकाळपासून स्वतःला विचारतेय. खरं उत्तर येत नाही.
दोन पाकिटं, पत्ता एकच. टपाल उद्या दहाला निघतं.