हिरवी बाही

८ जानेवारी १९७३, सोमवार
कॉलेजने शिवणकामाच्या प्रॅक्टिकलसाठी मला नाटक कंपनीत टाकलं! बाकीच्या मुली शिंप्यांकडे. महाल भागात एका गोदामावरची माडी – तिथे कंपनीचे सगळे पोशाख. एक मशीन, सहा पेट्या, डांबरगोळ्यांचा वास. मास्तर नत्थूजी, चाळीस वर्षं इथेच.
"नाव काय वं तुहं?"
"उत्तरा."
"सुईत दोरा ओव."
ओवला. दिवसभर तेवढंच.

११ जानेवारी
आजही सुयाच.

१५ जानेवारी
कळलं. नत्थूजींना जवळचं दिसत नाही, रंगही कळत नाहीत. कापड बोटांनी ओळखतात, माप वितीने घेतात. टाका मात्र माझ्यापेक्षा सरळ! मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा.
"दाखवलं. आता काही होत नाही म्हणते. कोणाले सांगू नको पोरी. म्हातारी खाटेवर पडून हाये. मी बसलो तं खाऊ काय?"
मी सुया ओवल्या.

२० जानेवारी, शनिवार
प्रयोग. काल परीक्षेचा फॉर्म भरायला गेले होते, आज येऊन पाहते तर राजाच्या निळ्या अंगरख्याला डावी बाही हिरवी! दोन्ही कापडं रेशमी, जाडी सारखीच. बोटांना काय कळणार?
उसवायला वेळ नव्हता. राजाचं काम करणारे वसंतराव ओरडले. मॅनेजर गोपाळराव धावत आले.
"कोणी शिवलं हे?"
नत्थूजी मान खाली घालून उभे.
"मी," मी म्हटलं. ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.
खांद्यावर शेला टाकून वेळ निभावली. गोपाळराव म्हणाले, सोमवारी ऑफिसात ये.
जिन्यात नत्थूजींनी विचारलं, "काहून खोटं बोलली वं?"
मी सायकल काढली.

२१ जानेवारी
रविवार. केस धुतले. प्रॅक्टिकलचं प्रमाणपत्र बहुतेक गेलं.

२२ जानेवारी
गोपाळरावांनी बसायला सांगितलं. रागावलेले नव्हते.
"बाही तू लावली नाहीस. नत्थूजींना दिसत नाही, हे मला सहा महिन्यांपासून माहीत आहे. म्हणून तर तुमच्या कॉलेजच्या बाईंना पत्र लिहिलं – चांगल्या हाताची मुलगी पाठवा. पुढल्या महिन्यापासून त्यांचं काम तू सांभाळ, पगारावर. त्यांना मी सांगेन सवडीने."
"त्यांचं काय होईल?"
"तू नाही म्हणालीस तर दुसरी कोणी येईल."
घरी सांगितलं. आईने विड्या वळायचं सूप बाजूला सारलं आणि रडायलाच लागली – आनंदाने! आमच्या घरात महिन्याचा पगार आजवर कोणाला नव्हता.

२३ जानेवारी
सकाळी हो म्हणून आले.
नत्थूजींना अजून कोणी सांगितलेलं नाही. माझी पावलं ऐकून त्यांनी स्टूल पुढे केलं. आज काज शिकवले. निघताना म्हणाले, "उद्या लवकर ये वं. तुले सगळंच शिकवून देतो."