हाकेला बघते

मंगळवार, संध्याकाळ. जळोची.

आज अंगणवाडीत एक आई विचारत होती, "बाई, पोरगी हाक मारली तरी बघत न्हाय. सासूबाई म्हणत्यात, बोलंल हळूहळू. थांबू का?" मी म्हणाले, "थांबू नको. उद्याच बारामतीला डॉक्टरांना दाखव." किती सहज बोलले मी.

आणि माझी सई? दोन वर्षांची झाली. दिवसभर डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसते. अंगणवाडीतल्या तिच्या वाढीच्या तक्त्यात 'हाक मारल्यावर बघते' या ओळीपुढं खूण मीच केलीय, हाक मारून न बघताच. का? भीती वाटली. दुसरं काय.

घरी आल्या आल्या तिच्या मागं उभी राहिले. सई. सयू. ए माझ्या चिमणे. झाकण फिरतच राहिलं. ऐकू येत नसेल का? पण तेवढ्यात शेजारी कुकरची शिट्टी झाली आणि तिनं दोन्ही कान घट्ट दाबले. म्हणजे येतं. मग माझा आवाजच कसा पोचत नाही?

शेवटी झाकण घरंगळत माझ्या पायाशी आलं. सई उठून माझ्याकडं यायला लागली. मी खाली बसले, हात पसरले. तिनं झाकण उचललं आणि परत जागेवर जाऊन बसली.